घोडनदीकाठचं वाळुंज

३ ऑक्टो. २०२५, शुक्रवार. दौंड
कालचा प्रायश्चित्ताचा उपास झेपला. सोमवारी सुक्कोथ, आम्हा ज्यूंचा मांडवाचा सण. आई गेल्यापासून सहा वर्षं मांडव घातला नाही; यंदा गच्चीवर घालायचाच, असं बायकोचं, रिबकाचं, म्हणणं. महाळुंगाचं फळ आन् सुवासिक मर्टलच्या फांद्या पुण्याहून आल्या. शिंदीचं कोवळं पान आमचे खुटबावचे भाजीवाले आप्पा देणार. सणाच्या आशीर्वादाला ही चार हातात धरायची; राहिलं ते नदीकाठच्या झाडाचं, वाळुंज. भीमेकाठी गेलो. पाणी चढलेलं, सगळा चिखल. परत.
रिबका म्हणाली, "डॅनियलला सांगा. शिरूरला घोडनदीकाठी आहे की."
मी मर्टलवर पाणी शिंपडत बसलो.

४ ऑक्टो., शनि.
शब्बाथ, विसाव्याचा वार. डोक्यात डॅनियलच, धाकटा भाऊ. आई गेली तो शुक्रवार. शब्बाथ लागतो म्हणून सूर्य मावळायच्या आत माती द्यायची होती. हा रांजणगावला शिफ्टवर, मोबाईल लॉकरमध्ये. गेटवर निरोप ठेवला, तो वेळेत पोचलाच नाही. तीनपर्यंत वाट पाहिली. तो आला तेव्हा आम्ही पुण्यातल्या कबरस्तानाबाहेर पडत होतो. "अर्धा तास थांबला असतास, दादा." तेवढं बोलून गेला. तेव्हापासून अबोला.
नियमाप्रमाणं चुकलो नाही. पण अर्धा तास होता. हे रिबकालाही कधी...

५ ऑक्टो., रवि.
सकाळी डॅनियलला फोन केला. "वाळुंज हवं होतं." तो, "किती?" दोन डहाळ्या. "बघतो." ठेवला.
दु. आप्पा बांबू, झावळ्या, दसऱ्याचा उरलेला झेंडू घेऊन आले. मांडव त्यांनीच बांधला. छप्पर विरळ ठेवा म्हटलं, वर आभाळ दिसायला हवं.
"पाऊस आला तर?"
"भिजायचं."
हसले.

६ ऑक्टो., सोम.
चारला डॅनियल स्वतः आला. रजा टाकून, मोटरसायकलवर. वाळुंज ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. केस पिकलेत. चहा न घेता फांद्यांची जुडी बांधायला बसला. मी धरलं, त्यानं बांधलं.
आज कोजागिरीही. आप्पा मसाला दूध आणणार, आन् दुधासोबत मटण आम्हाला चालत नाही, म्हणून रिबकानं मटणाचा बेत रद्द केला. सं. चंद्र वर आला तसे आप्पा म्हणाले, "ह्यो आमच्या कोजागिरीचाच की." मग जुडीकडं बघून विचारलं, ही चार कशाला?
मी सांगितलं. महाळुंगाला चव आन् वास दोन्ही. शिंदी खजुराच्या जातीची, तिला फळ, वास नाही. मर्टलला नुसता वास. वाळुंजाला काहीच नाही. माणसंही अशीच चार तऱ्हेची.
"मंग वाळुंज कशापायी घेता? त्येच्यात काय न्हाई तर?"
उत्तर डॅनियलनं दिलं. "ते वगळलं तर बाकीच्या तिघांवर आशीर्वाद म्हणता येत नाही, आप्पा."
डॅनियल रात्री राहिला इथंच.

७ ऑक्टो., मंगळ.
सकाळी दोघांनी मिळून आशीर्वाद म्हटला. त्याचा आवाज बाबांसारखा झालाय.
निघताना जिन्यात थांबला. "आई शेवटी कशी दिसत होती?"
सांगितलं. शांत. रिबकानं केस विंचरले होते. मग म्हटलं, थांबता आलं असतं. घाबरून घाई केली.
त्यानं मान हलवली. माफ केलं असं म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. गाडी वळेपर्यंत बघत राहिलो. फार दिवसांनी भूक लागली. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१६ ऑक्टो., गुरु.
सण संपला. मांडव उतरवला, बांबू आप्पांना परत.
सं. डॅनियलचा फोन. आईच्या कबरीवर तो त्या दिवसानंतर गेलेला नाही. "एकट्याला जमत नाही. रविवारी येशील?"
हो म्हटलं. पुणे स्टेशनवर नऊला भेटायचं. तिथं उभे राहिल्यावर काय बोलणार आहोत, ठाऊक नाही.