उकिरड्यावर ठेवू नका

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

नांदेड,
मंगळवार, २६ ऑक्टोबर १९९९

चि. शिवकन्या हिला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलगा झाला हे वाचून देवीपुढं साखर ठेवली. इकडे सगळे ठीक. यांचा खोकला उतरला. वैष्णवीला लातूरच्या क्लासनं तीन दिवस सुट्टी दिली, म्हणून ती आली आहे. दिवाळीची आवराआवर तिनंच केली. तिच्याच जुन्या वहीतली कोरी पानं काढून हे लिहिते आहे. तू कानाला रुमाल बांधत जा, गार पाण्यात हात घालू नकोस.

शुक्रवारी बारसं. तू लिहिलंस, पहिला गेला म्हणून ह्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि मावशीनं उचलून घरात आणायचं, असं तुझ्या सासूबाईंनी, नागुबाईंनी ठरवलंय. "केरात टाकलं की यमाला दिसतच न्हाई माय," असं त्या म्हणाल्या. पुढं तू लिहिलंस, अक्का, तुझ्या केरबाला मी उचललं होतं, आता माझं तू उचल.

शिवकन्या, ठेवू नका. पाया पडते तुझ्या. बाळाला त्या उकिरड्याच्या जवळसुद्धा नेऊ नका.

केरबाच्या वेळी तू सतरा वर्षांची होतीस. माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला होता, म्हणून आईनंच ह्याला ठेवायला लावलं. तू नाक दाबून धावत गेलीस आणि सूप घेऊन धावतच आलीस. आई म्हणाली, "अगं, चोरून आणलंस का, पळायला?" सगळे हसले. पंधरा दिवसांत त्याची छाती भरली. आपण म्हटलं, दृष्ट लागली. मग चार वर्षं गळवं, गाठी, ताप. कुठला ताप किती दिवस राहिला, माझ्या वहीत सगळं आहे.

एक गोष्ट तेवढी नाही.

केरबा भूकंपात गेला, असं सगळे म्हणतात. मीच तसं सांगितलं. आई गेली भूकंपात. केरबाला तर आईच्या त्याच घराच्या ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं, साधा ओरखडा नव्हता. नाकातोंडात माती होती तेवढी. अकराव्या दिवशी ताप चढला तेव्हा आम्ही त्याला हैदराबादला नेलं. तिथं रक्ताची एक वेगळीच तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण मारायला जे विकर लागतं ते ह्याच्यात जन्मापासून नाही. माती, शेण, कुजका पाला ह्यांतले जंतू तुम्हाआम्हाला काही करत नाहीत, ह्याला करतात. हा दोष आईकडून मुलाला येतो. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला बहीण आहे?"

मी म्हटलं, आहे.

"तिला सांगा," म्हणाले. कागदावर लिहूनही दिलं. केरबा तिथंच गेला.

त्या माघात तुझं लग्न ठरलं. बाबा आधीच गेलेले, आई अशी गेलेली. हा कागद बाहेर आला असता तर तुला कोणी करून घेतलं असतं? मी तो देवीच्या तसबिरीमागं ठेवला. तुझ्यासाठी केलं, असं मनाला सांगत राहिले. खरं हेही आहे की माझ्याच रक्तानं माझी लेकरं गेली, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आणि अनिमेष. तुझा सात महिन्यांचा अनिमेष लातूरच्या दवाखान्यात धापा टाकत होता, मी उशाशी बसून अंगारा लावत होते. त्याच्या मानेतली गाठ माझ्या बोटाला लागली. मला कळलं, शिवकन्या. डॉक्टर दारात उभे होते. आता बोलले तर आधी का नाही सांगितलंस म्हणून तू विचारशील, एवढंच डोक्यात आलं. मी अंगारा लावत राहिले.

काल वैष्णवीनं तसबीर पुसायला काढली. कागद वाचत तिथंच फरशीवर बसली. क्लासात हेच शिकवून राहिलेत म्हणे.

"आई, मावशीला माहीत हाय का हे?"

मी भांडी घासत होते.

"मग अनिमेषच्या वेळी?"

मी घासलेलंच भांडं परत घासलं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्यात पण असू शकतं की." जेवली नाही पोर.

तो कागद ह्या पत्रात घातला आहे. बाळाला असेलच असं नाही, निम्मी आशा आहे. पण कानामागं फोड आलाय आणि नागुबाई हळदीत शेणाची राख कालवून लावतात, असं तू लिहिलंस. ते हे वाचताक्षणी धुऊन काढ. शेषेरावांना कागद दाखव. नवऱ्याला काय वाटेल, हा विचार मी केला तसा तू करू नकोस. बाळाला लातूरला मोठ्या डॉक्टरकडं न्या. कुठलीही लस टोचण्याआधी हा कागद पुढं करा. लवकर कळलं आणि रोजचं औषध चालू ठेवलं तर मुलं जगतात, असं हैदराबादचे डॉक्टर म्हणाले होते. हे वाक्यसुद्धा मी सहा वर्षं तसबिरीमागंच ठेवलं.

वैष्णवी उद्या लातूरला न थांबता सरळ रेणापूरला येईल आणि पत्र तुझ्याच हातात देईल. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

शुक्रवारी मी पहिल्या गाडीनं येते. दारातून हाकललंस तर वळसा घालून परसात जाईन. नागुबाईंनी ऐकलं नाही तर त्यांना सांग, उकिरड्यावर आधीच एक बाई येऊन बसली आहे, आणि ती उठत नाही.

खाली अक्का लिहिलं नाही. तू हाक मारलीस तर ओ देईन.

चंद्रप्रभा