निर्धास्त वाच, कुत्रा मरत नाही

मल्लेश्वरम, बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. पाकीट फोडल्या फोडल्या तू कागद उलटा करून शेवटची ओळ वाचली असणार, हे मला इथे बसून दिसतंय. वाचलीस? झालं समाधान? आता मुकाट्यानं वर ये आणि बाकीचं शिस्तीत वाच.

आम्ही मजेत आहोत. सोबतच्या पुडीत सासूबाईंनी केलेला एळ्ळु-बेल्ला आहे, म्हणजे आपला तिळगूळच, फक्त त्यात तीळ, गूळ, खोबरं सगळं सुटं सुटं. वादिराज आता अस्सल निपाणीकरासारखं मराठी बोलतो आणि वर माझ्या चुका काढतो. तू त्याला लग्नानंतर धड पाहिलेलंही नाहीस. असो.

खरी बातमी आमच्या वाचनमंडळाची. 'वाचनखूण' त्याचं नाव. महिन्याला एक मराठी पुस्तक आणि तिसऱ्या रविवारी आमच्या घरी गप्पा. सर्जापूर रोडची मंडळी ट्रॅफिकला कंटाळून फोनवरूनच हजर होतात. वादिराजनं वेबसाइट करून दिली आहे. पुस्तक कुठे मिळेल ते तिथे असतं, चर्चेचे प्रश्न असतात, गाडीत अडकलेल्यांना ऐकायला आमच्या गप्पांचं रेकॉर्डिंग असतं. खाली कुणीही अभिप्राय लिहावा. नियम एकच, शेवट फोडायचा नाही.

तर दिवाळीनंतर तिथे एक बाई आल्या. नाव गंगव्वा, गाव इथून जवळचंच आनेकल. नवं पुस्तक असो की जुनं, त्याखाली जाऊन शेवट फोडायच्या! आमची शिवलीला आनेकलच्याच शाळेत शिकवते. ती हरखून गेली, गावात कुठे राहता म्हणून विचारलं. उत्तर आलं, "बसस्टँडच्या मागे." अगं, बसस्टँडच्या मागे काय, प्रत्येक गावात कुणी ना कुणी राहतंच!

मंडळातले सुमंतकाका भडकले. "ही बाई पुस्तकांचा खून करते. काढा तिला." मंडळ चालवते मी, म्हणजे वाईटपणा माझ्याच गळ्यात. काढायला बसले, तेवढ्यात वादिराज म्हणाला, "स्वल्प इरु, थांब जरा. आधी तिचं सगळं वाच तरी."

वाचलं. सगळीकडे सुरुवात एकच. 'निर्धास्त वाचा, म्हातारी वाचते.' 'निर्धास्त वाचा, पोरगा घरी येतो.'

अक्का, मी भर दुपारी स्वयंपाकघरात ओक्साबोक्शी रडले आणि मग इतकी हसले की सासूबाई धावत आल्या.

आई गेली त्या वर्षी मी दुसरीत होते. गोष्टीतला कुत्रा मेला म्हणून मी जेवण सोडलं होतं. तेव्हापासून वाचनालयातून आणलेलं प्रत्येक पुस्तक आधी तू मागून वाचायचीस आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून माझ्या हातात द्यायचीस, 'निर्धास्त वाच, कुत्रा मरत नाही.' पुस्तकात कुत्रा असो वा नसो, लिहायचीस तेच. आणि मरत असला, तर पुस्तक गुपचूप परत जायचं. लोक तुला उतावळी म्हणायचे. त्यांना काय माहीत!

मग चार वर्षांपूर्वी माझ्या लग्नात तू मांडवातच शेवट सांगून टाकलास, "दोन वर्षांत बॅग घेऊन परत येशील." मला ते फार लागलं. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे आप्पाजींच्या फोनवर 'बरी आहेस ना' एवढंच. तो शेवट चुकला हं, अक्का. इथे कुणी बॅग भरलेली नाही. पण तू ते रागानं नाही, भीतीनं म्हणालीस, हे मला गंगव्वानं शिकवलं.

तिला मी काढलं नाही. उलट वेबसाइटवर तिच्यासाठी खास जागा केली, 'निर्धास्त खूण'. ज्याला शेवटाची धास्ती वाटते त्यानं तिथे बोट लावावं, म्हणजे गंगव्वाची एक ओळ उघडते. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच! सुमंतकाकांची सून मुग्धा सांगत होती, काका पुस्तक उघडण्याआधी तेच उघडतात.

इतकं पाल्हाळ लावलं, कारण एक सांगायचं टाळत होते. मला पाचवा महिना आहे. आप्पाजींनाही अजून ठाऊक नाही. तुला सगळं आधी कळायला लागतं ना, म्हणून तुला आधी. तब्येत छान आहे, डॉक्टर खूश आहेत आणि मी डोश्यांवर आडवा हात मारतेय. पण मला भीती वाटते गं. खूप वाटते. या एका पुस्तकाचं शेवटचं पान कुणालाच आधी उघडता येत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि माझं माहेर तूच. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलंय, तेव्हा माहेरानंच इकडे यायचं. निपाणीहून थेट बस आहे. आनेकलहून तर काय, बसस्टँडच्या मागेच राहतेस! दवाखान्याची माझी फाइल आहे, तिच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं तेवढं लिहून दे. कुत्राच लिही.

तुझीच,
शालू

निर्धास्त ये. शेवटी भांडण मिटतं.