दारामागच्या सात रेघा

प्रिय ताई,

फोनवर सांगायला गेलो की तू हसण्यावारी नेतेस आणि माझीही जीभ अडखळते, म्हणून कागद घेतला. सातवीत सोडलेली शाळा अक्षरात दिसेलच, सांभाळून घे.

इथं गोदामात खोकी उचलतो. वर्षात तिसरा विभाग बदलला; पायाला भिंगरी, तू म्हणतेसच. तुझ्या बॅगदुरुस्तीच्या पेजला मात्र चिकटून आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत एक फोटो टाकतो: नवी चेन, नवा पट्टा, चकचकीत हँडल. चारशे-चारशे लाइक पडतात. तू भावजींना दाखवतेस, तेही मान डोलावतात.

तुला एक काम लावलं होतं, आठवतं? येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, दुकान कुठून कळलं, आणि दारामागे खडूनं रेघ मारायची, वर तारीख. मी काय पोलीस आहे का, म्हणून केवढी ओरडलीस! तरी मारल्यास. परवा त्या दाराचा फोटो पाठवलास. 'ओळखीतून' खाली रेघांचं रान, आणि 'फोनवर बघून' खाली तीन महिन्यांत सात. पुन्हा पुन्हा मोजल्या. सातच.

मग तारखा लावून बघितल्या. सातही रेघा एकाच आठवड्यातल्या, भाचीनं तिच्या स्वतःच्या खात्यावर तो व्हिडिओ टाकला त्याच्या लगेच नंतरच्या. चोरून काढलेला, वाकडा. त्यात तू एका काकांना झापतेस की चेन बिघडली नाही, तुम्ही बॅगेत अख्खं घर कोंबलंत. आणि झापता झापता दोन मिनिटांत चेन सरळ करून देतेस. लाइक किती? एकतीस. माझ्या चकचकीत फोटोंनी एक माणूस दारात आणला नाही. लाज वाटली, पण रस्ता सापडला. आता दर आठवड्याला तसाच एक व्हिडिओ: तू, बॅग आणि तुझं तोंड. लाइक बघायचे नाहीत, रेघा बघायच्या. दोन महिने सलग आठवड्याला पाच पडल्या, की मोठ्या दुकानाचं बोलू.

सोमवारी तू हमरस्त्यावरच्या गाळ्यासाठी सही करणार आहेस, त्या चारशेंच्या भरवशावर. नको करूस, ताई. ते चारशे इथले आहेत, माझ्या गोदामातले. सुरुवातीला एकही लाइक पडेना, तुझा पडलेला आवाज ऐकवेना, म्हणून जेवणाच्या रांगेत एकेकाच्या हातापाया पडलो. आता सवयीनं दाबतात. भली माणसं आहेत, पण त्यांची एकही बॅग तुझ्या दारात यायची नाही. तुला शिव्या घालायच्या असतील तर पोटभर घाल. फक्त घालताना भाचीला फोन धरायला सांग.

तुझाच,
भिंगरी