सुधन्वाचे शुद्ध गुण

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. सुधन्वाची जेईई जानेवारीत आणि मग एप्रिलमध्ये. घरात एकाने तरी डोकं थंड ठेवून प्लॅनिंग करायला हवं.

आज पहिली मॉक. तीनशेपैकी ८४. वरवर पाहणाऱ्याला कमी वाटतील. मी पेपर उघडून बसलो. सिली मिस्टेक्समध्ये २८ गेले. ते त्याला येत होते, म्हणजे त्याचेच. निगेटिव्ह मार्किंगमध्ये २१ कापले. तो घाईचा दोष, ज्ञानाचा नव्हे. झोप झाली नव्हती, त्याचे दहा. एकूण १४३. यांना मी शुद्ध गुण म्हणतो. मिनिस्ट्रीत इतकी वर्षं आकड्यांतच काढली आहेत, आकडा काय सांगतो हे मला कळतं.

केतकीनेही मॉक दिली. जुळी आहेत, शिवाय टेस्ट सिरीजमध्ये दुसरं लॉगिन फुकट होतं. तिला १३१. तिचं फरीदाबादेतच बी.एस्सी. आणि मग बी.एड. करायचं ठरलेलं आहे (मी ठरवलं आहे), त्यामुळे तिला टेन्शन नाही. टेन्शन नसलं की मार्क पडतात.

२ नोव्हेंबर
व्यवस्था लावली. आतली खोली सुधन्वाला, एअर प्युरिफायरही तिथेच. केतकीला बाल्कनीत टेबल. प्लास्टिक लावून दिलं आहे.

हेमलता म्हणाली, "अहो, या धुरात पोरीला बाहेर बसवणार?" मी म्हटलं, अभ्यासाला मोकळी हवा लागते. तिने बाहेर पाहिलं. समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. पटलं असावं.

कोचिंग फक्त सुधन्वाला. त्याची मॉड्यूल्स कोरीच राहतात, म्हणून केतकी सोडवते. पेन्सिलने सोडव म्हणून बजावलं. खोडली की त्याला वापरता येतील.

९ नोव्हेंबर
मॉक तिसरी. सुधन्वा ७६. सिली मिस्टेक्स वाढल्यामुळे शुद्ध गुण १५१. म्हणजे प्रगती.

केतकी १५२. अन्याय नको म्हणून तिचेही शुद्ध गुण काढायला बसलो. विचारलं, तुक्के किती मारले? "एकही नाही, बाबा." कबूल कोण करतं? अंदाजे चाळीस वजा केले. ११२. सुधन्वा पुढे आहे.

२३ नोव्हेंबर
कोचिंगमध्ये पेरेंट्स मीटिंग. फिजिक्सच्या सरांनी सुधन्वाची वही पुढे केली. "ये सोल्यूशन किसने लिखा है?" सुधन्वा म्हणाला, बहन ने. सर म्हणाले, "भाईसाहब, बेटी को भी भेजिए. इसको थोड़ा साँस लेने दीजिए."

एकाच घरातून दोन अ‍ॅडमिशन काढायचा डाव. मी हसून उठलो. परतताना मेट्रोत सुधन्वा म्हणाला, "बाबा, सर बरोबर बोलतायत यार." मुलगा भाबडा आहे. कोणीही फसवेल.

१४ डिसेंबर
केतकीला तीन आठवडे खोकला. डॉक्टरांनी बाल्कनीत बसू नका म्हणून सांगितलं. आता ती ओट्याशी बसते. स्वयंपाकघर उबदार असतं, हा एक फायदा.

सुधन्वाची एकाग्रता वाढली आहे. तासन् तास एकाच पानाकडे बघत असतो. जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही. आज म्हणाला, "केतकीला आत बसू दे ना. मला एकट्याला कसंतरी होतं." म्हणून आज दुपारी खोलीला बाहेरून कडी लावली, कोणी डिस्टर्ब करू नये म्हणून. तासाभराने केतकीने ती काढली. ओरडलो तिला. ती ओरडा खात तिथेच दारात उभी राहिली, हलली नाही. हट्टी होत चालली आहे.

२४ जानेवारी
पहिली परीक्षा झाली. सुधन्वाला सेंटरपर्यंत सोडलं, कपाळाला अंगारा लावला, बाहेर थांबलो. फॉर्म केतकीचाही भरला होता; ती मेट्रोने गेली. तिला मेट्रोची सवय आहे.

१६ फेब्रुवारी
निकाल. सुधन्वा ६४ पर्सेंटाइल. केतकी ९५.

शिफ्टचा प्रश्न आहे. काही शिफ्टना पेपर सोपा येतो. हेमलता म्हणाली, "अहो, दोघांची शिफ्ट एकच होती." असेल. पण सेंटर वेगळं होतं.

एप्रिल आपलाच. नवीन टाइमटेबल केलं. चार रंगांत.

१५ मार्च
मॉक: सुधन्वाचे शुद्ध गुण २०४. या हिशेबाने कॉम्प्युटर सायन्स मिळायला हरकत नाही. कॉलेजांचा क्रमही लावून ठेवला. सुधन्वाला दाखवला. बघता बघता त्याने कागदाचा कोपरा बारीक बारीक फाडून टाकला. उत्साह.

प्रत्यक्षात पडलेले गुण लिहीत नाही. त्यांना अर्थ नाही.

५ एप्रिल
दुसरी परीक्षा. सकाळी सुधन्वाला दोनदा उलटी झाली. केतकी म्हणाली, "बाबा, आज त्याला नका नेऊ, प्लीज." मी म्हटलं, तू तुझं बघ. नेलं.

बाहेर आला तेव्हा चेहरा अगदी कोरा. "बाबा, मी स्क्रीनकडे बघत बसलो. अक्षरं दिसत होती, पण वाचताच येत नव्हती."

म्हणजे चुकीची उत्तरंही दिली नाहीत. निगेटिव्ह मार्किंग शून्य. ऑक्टोबरपासून हेच तर सांगत होतो.

२० एप्रिल
सुधन्वा ३१. केतकी ९८.४.

आकडे पाहून हेमलता ओट्याला टेकून रडली. दोन्हींसाठी असावं. महाराष्ट्र मंडळातल्या अविनाश देवधरांचा फोन आला, मुलांचं कसं झालं म्हणून. मी म्हटलं, दोघांचं मिळून चांगलं झालं.

केतकी अ‍ॅडव्हान्स्डला बसायला पात्र ठरली आहे. आयआयटीची परीक्षा. फॉर्म भरायचा म्हणते. बघू म्हटलं.

२ मे, शनिवार
दिवस धावपळीत गेला. सुधन्वाला घेऊन सोहना रोडवरच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत गेलो. सुंदर कॅम्पस, कारंजं आहे. काउन्सेलर मॅडमना मी शुद्ध गुणांची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. फोन सायलेंटवर ठेवला होता.

बाहेर येऊन पाहतो तर केतकीचे एकोणीस मिस्ड कॉल. अ‍ॅडव्हान्स्डच्या फॉर्मची आज शेवटची तारीख. दोघांच्या फॉर्मवर नंबर माझा, ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. सगळे ओटीपी येऊन, वेळ संपून पडलेले. मग मी लगेच घरी फोन लावला. हेमलताने उचलला. म्हणाली, "आता काय उपयोग? बंद झालं."

घरी आलो तर सुधन्वा केतकीशेजारी जमिनीवर बसला आणि रडायला लागला. ती नाही रडली. मी म्हटलं, अगं, तिथे लाखो मुलं बसतात, उगाच एक टेन्शन वाचलं. ती माझ्याकडे बघत राहिली. समजूतदार आहे.

१७ मे
आज ती परीक्षा होती. केतकी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. विश्रांतीची गरज होतीच.

सुधन्वाला ड्रॉप इयरचा प्लॅन सांगितला. नवीन कोचिंग, नवीन टेस्ट सिरीज. तो म्हणाला, "मी नाही देणार, बाबा." आवाज चढवला नाही. मी दोन-तीनदा विचारलं, दर वेळी तेच, त्याच आवाजात. ऊन फार आहे. जुलैत परत विषय काढू.

१४ जून
जेईईच्याच गुणांवर एनआयटीसारखी कॉलेजं मिळतात; कौन्सेलिंगमध्ये त्यांचे पर्याय भरायचे होते. केतकीला म्हटलं, मी भरतो, मला अनुभव आहे. बी.एस्सी.चं डोक्यातून काढून मी तिच्यासाठी कुरुक्षेत्राचं एनआयटी बघून ठेवलं होतं. हरियाणाच्या कोट्यात बसतं, शनिवारी-रविवारी घरी येता येईल, हेमलतालाही मदत होईल. बापाने याहून जास्त काय करावं?

हेमलता म्हणाली, "भरून झालं तिचं."

ओटीपी आला नाही मला, म्हटलं. हेमलता पोळी लाटत होती. "नंबर बदललाय. माझा दिलाय." लग्नाला एकवीस वर्षं झाली, बाईने आजवर नेट बँकिंग उघडलेलं नाही.

२७ जून
केतकीला सिलचरचं एनआयटी मिळालं. आसामात! कुरुक्षेत्र तिने सगळ्यात खाली टाकलं होतं. मी तिला बसवून समजावलं, बेटा, पर्याय कसे लावायचे याचं एक शास्त्र असतं. तू कोणत्या हिशेबाने लावलेस?

ती म्हणाली, "नकाशा बघून."

मुलीला कौन्सेलिंग कळत नाही. पुढच्या फेरीत बदल म्हटलं. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, नीट कळलं नाही. सीट मात्र पक्की करून टाकली.

२ ऑगस्ट
तिघं सकाळच्या विमानाने गेली. सुधन्वा बॅगा उचलायला. मीही जाणार होतो, पण ऑफिसात काम फार आहे, रजा मिळाली नसती. मागितली नाही. तसं मला कोणी चल म्हटलंही नव्हतं, पण ते त्यांनी गृहीत धरलं असणार.

निघताना केतकीने नमस्कार केला. चांगला वाकून. मी म्हटलं, फिजिक्सकडे लक्ष दे, तिथे तुझे तुक्के असतात. सुधन्वा म्हणाला, "बाबा, बस ना." तिने काही मनावर घेतलं नाही. लिफ्ट आली होती.

१६ ऑगस्ट
हेमलता आणि सुधन्वा आठवड्यापूर्वीच परतले. सुधन्वाने परस्पर ओपन लर्निंगमध्ये बी.कॉम.ला नाव घातलं आहे. फॉर्मवर त्याचाच नंबर. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. जेवताना एकदा हसलासुद्धा, आईच्या कशावर तरी. काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणाला.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. रोज येतो, हेमलताच्या मोबाइलवर. होस्टेल, मेस, रूममेट, तिथला पाऊस, हेमलता ऐकत होती, हसत होती. मी हात पुढे केला. तिने थोडं थांबून फोन दिला.

मी विचारलं, कशी आहेस? "बरी आहे." जेवण? "ठीक." टेस्ट वगैरे घेतात का तिथे? किती पडले? आधी काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "बाबा, आईला द्या."

रेंज नसावी. एवढ्या लांबच्या ठिकाणी असंच होणार.

दिला फोन. त्या दोघी पुढे अर्धा तास बोलत होत्या.