कमरेला बांधलेलं माप

बाबा, बावीस घ्यावं की बत्तीस, हे मी कोणाला विचारू? बंदुकीतलं कळणारं माझ्या माणसांत तुमच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बीटीचं बियाणंसुद्धा तुम्ही पाहिलं नाही. मी पिंपळगाव राजाच्या शिवारात एकटीनं कापसाचं वावर करते. तुमचे जावई दोन वर्षांपूर्वी नांदुऱ्याहून परत येताना ट्रकखाली गेले. मुलगी बुलढाण्याला शिकते. आणि मला परवान्याचं, पण पदराखाली लपेल असं हत्यार घ्यायचं आहे. लपवायचं म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असती, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी ते कशासाठी हवं ते सांगते.

आमचं वावर आणि धाकट्या दिराचं वावर यांच्यामध्ये बांधाचा एक धुरा आहे. म्हणजे होता. हे होते तोवर त्या धुऱ्यावर माणूस झोपेल एवढी जागा होती. आता ट्रॅक्टर दरवेळी थोडा आत येतो आणि धुरा माझ्याकडे सरकतो. बोलले तर माझ्या ठिबकच्या नळ्या कापलेल्या सापडतात. गेल्या साली तो म्हणाला, "वहिनी, वावर माह्याकडे द्या अन् माहेरी जाऊन राहा." माहेर म्हणजे तुम्ही होता, बाबा. हे त्याला सांगून काय उपयोग. मग यंदा पोळ्यानंतर एका दुपारी मी वावरातल्या खोपडीत भाकर खात बसले होते आणि दारातला उजेड गेला. तो चौकट धरून उभा होता. काही केलं नाही त्यानं. फक्त सगळ्या शिवाराकडे एकदा पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "केवढं मोठं वावर हाय, वहिनी. आवाज कोठलोक जाईन?" आणि गेला. घास माझ्या हातातच राहिला. ठाण्यात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "काही केलं का त्यानं? केल्यावर या." केल्यावर मी येण्यासारखी राहीन का, हे त्याला विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

तुम्ही मलकापूरला जिनिंगच्या फाटकावर बसायचा ते मला अजून दिसतं. लाकडी खुर्ची, मांडीवर आडवी दुनळी, आणि फाटकातून कापसाच्या गाड्या आत येत आहेत. मी डबा घेऊन येते. तुम्ही हात धुवायला उठता, बंदूक खुर्चीला टेकवता आणि मला म्हणता, "हात लावू नको, नुसतं पाह्य." तिथंच मी वाचायला शिकले. गाठींवर रंगानं मारलेले आकडे आणि अक्षरं तुम्ही बोटानं दाखवायचा, पण सगळ्यात पहिला आकडा मी काडतुसाच्या पितळी बुडावरचा वाचला. बारा. मला वाटायचं, आत बारा गोळ्या असतील. जुनी झालेली काडतुसं तुम्ही दिवाळीआधी मागच्या पडीक जागेत हवेत वाजवून टाकायचा, आणि त्यातली एक रिकामी नळी मला सुया ठेवायला दिली होती. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्यातून काढलेल्या सुईनं मी अजून वेचणीची फडकी शिवते. पितळ काळं पडलं, पण बारा दिसतो.

आणि एक दिवस पावसाचे थेंब पडू लागले म्हणून मी माझ्या ओढणीनं तुमची बंदूक झाकली होती. तुम्ही धावत आलात आणि ओढणी अशी ओढली की मी भिंतीवर आदळले. तुम्ही माझ्यावर एरवी कधी हात उचलला नाही, म्हणून ते विसरले नाही. संध्याकाळी चुलीपाशी आई रागानं तुमच्याशी बोलत नव्हती, तेव्हा तुम्ही मला समजावलं. "बंदूक झाकाची नाई, बाई. दिसली तं माणूस दुरूनच वापस फिरते. लपवली तं जवळ येते. अन् जवळ आला का मंग मारावंच लागते." मी मान हलवली होती. कळलं काहीच नव्हतं.

दसऱ्यानंतर मी मलकापूरला गेले. तुमची बंदूक दुरुस्त करणारे चाचा आहेत अजून. डोळ्यांनी कमी दिसतं, दुकानात नातू बसतो, पण तुमचं नाव काढल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, चहा मागवला. मी सरळ विचारलं, "चाचा, लपवून ठेवता येईल अन् माणूस थांबेल, असं काय घ्यावं?" त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "बेटी, दोन चीजा एकदम नाई भेटत. थांबवणारं बारा बोर, थे लपत नाई. लपणारं बावीस, थे पटाख्यावानी वाजते. माणूस भेला तं ठीक. नाई भेला तं गोळी लागून बी तुह्यापर्यंत पोचू शकते." बत्तीस त्या दोहोंमधलं. त्याच्या वरचं नऊ एमएम पोलिसांसाठी, ते आपल्याला मिळत नाही. बारा म्हणजे काय हेही मला त्या दिवशी कळलं. एक रत्तल शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोर. म्हणजे तो आकडा वजनाचा होता, बाबा. तुम्हाला माहीत असणार, मी कधी विचारलंच नाही.

चाचांनी बत्तीसचं एक रिव्हॉल्वर कापडावर ठेवलं, दुरुस्तीला आलेलं. "गोळ्यायसहित पाऊण किलो धरून चाल. अन् याची गोळी माणसापाशीच थांबन असा भरोसा नाई. चुकली तं पुढं जाते. म्हणून मागं कोण हाय थे आधी पाह्य." मी हो म्हणाले. ते हसले. "हो नको म्हनू. परवाना भेटन नाई भेटन, थे मंगची गोष्ट. आधी घरी जा, पाऊण किलो लोखंड कमरेले बांध, अन् रोजचं काम कर. मंग येऊन सांग, बावीस का बत्तीस."

घरी कापूस मोजायचा जुना काटा आहे, वेचणीच्या दिवसांत तो वावरात असतो. त्याची अर्धा किलोची आणि दोनशे ग्रॅमची मापं मी फडक्यात गुंडाळली आणि कमरेला बांधली. पाऊण किलोला थोडं कमीच. तुम्ही पुरुष पट्ट्यात अडकवता. बाईनं कुठं ठेवावं? पुढं कापसाची ओटी बांधलेली असते. तिच्याखाली ठेवलं तर ओटी भरल्यावर हात पोचत नाही. मागं ठेवलं तर वाकताना मणक्याला लागतं. उजव्या कुशीला ठेवलं तर तिथं पदर खोचलेला. शेवटी डाव्या कुशीला बरं बसलं, पदराखाली दिसत नव्हतं. पण वेचणीत दोन्ही हात बोंडांत असतात, बोटांना काटे लागून ती सोललेली असतात. काट्यांतून कापूस सोडवावा तसं ते सावकाश बाहेर काढावं लागतं. तरी मी रोज बांधलं. झोपताना सोडलं की कंबर रिकामी वाटायला लागली.

त्या दिवशी दुसरा वेचा चालू होता. गावातल्या बाया होत्या, शेजारची काकू होती, आणि मी माझ्या तासात, माझ्या ओळीत, थोडी मागं पडले होते. कापसाची पऱ्हाटी यंदा खांद्याएवढी झाली आहे, पण खालच्या बोंडांत गुलाबी अळी आहे, म्हणून एकेक बोंड पाहून तोडावं लागतं. मी वाकलेली होते. वर पाहिलं तर तो समोर. "वेचून घ्या, वहिनी. पुढच्या साली या वावरात तुमी नाई पेरणार." माझा हात आपोआप पदराखाली गेला. त्यानं तो जाताना पाहिला. बाबा, माणसाचा चेहरा असा बदलतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. ओठ पांढरे पडले. "काय हाय थे?" म्हणाला. आजवर मी त्याला भाऊजी म्हणत आले, अहो-जाहो करत आले. त्या दिवशी माझ्या तोंडून आलं, "जवळ ये. दाखवते." तो मागं सरला, पऱ्हाटीत अडखळून पडला, उठला आणि वळून न पाहता गेला. तुम्ही म्हणाला होता ना, लपवली तर जवळ येतो. मी तर त्याला बोलावत होते.

दुसऱ्या दिवशी वेचायला एकही बाई आली नाही. एकीला ताप, एकीकडे पाहुणे, एक म्हणाली, "आमच्या ह्यायनं नाई म्हटलं." गावात झालं होतं की तिच्यापाशी पिस्तूल आहे. तो माझ्या वाटेला गेला नाही, हे खरं. पण कापूस फुटून लोंबत होता, खाली पडत होता, वरून आभाळ यायला लागलं होतं, आणि एवढ्या पांढऱ्या वावरात मी एकटी. तो दारात उभा राहून जे बोलला होता तेच झालं होतं, आणि केलं होतं मी. मी त्या बायांना सांगितलं असतं की नुसतं माप आहे, तर त्या आल्या असत्या, आणि त्यालाही कळलं असतं. नाही सांगितलं तर तो घाबरलेला राहणार आणि कापूस मातीत जाणार. मी एकटी वेचत राहिले. अंधार पडेपर्यंत मला एक गाठोडंही होत नव्हतं.

शेवटी काकूच्या घरी गेले. ती चुलीपाशी भाकर थापत होती. मी फडकं सोडलं आणि मापं तिच्या परातीशेजारी ठेवली. तिनं पाहिलं आणि तव्यावरची भाकर जळेपर्यंत हसली. "माय वं माय! मी म्हणतो, हिच्या काट्यावर अर्धा किलो काऊन सापडत नाई! आमचा अर्धा किलो कमरेले बांधून फिरून राह्यली हे!" मीही हसले. किती दिवसांनी. मग ती थांबली आणि पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली, "पण सांगून ठेवतो सूनबाई, आमी बंदुकीले नाई भेलो. तुह्या डोयाले भेलो. तो तुह्या पुढं होता, अन् त्याच्या मांगं आमी साऱ्याजणी उभ्या होतो. तुनं पाह्यलं का आमाले?"

नव्हतं पाहिलं. चाचांनी सांगितलं होतं, मागं कोण आहे ते आधी पाहा. मी हो म्हणाले होते.

"मापं काट्यावर ठेव," काकू म्हणाली, "साऱ्यायले दिसतीन अशी. मंग येतो आमी." ठेवली. आल्या. चार दिवसांनी तो धुऱ्यावरून जाताना थांबला, काट्याकडे पाहिलं, बायांचं बोलणं गावात कानावर गेलं असणारच, सगळं त्याच्या ध्यानात आलं. "काय काकू, पिस्तूल मोजून राह्यल्या का?" काकू मागं वळलीसुद्धा नाही. "तुले मोजू का? बस काट्यात. अर्धा किलो बी भरत नाई तू." बाया खदखदून हसल्या. तोही हसला. पण त्याचं हसणं माझ्याकडे पाहून होतं, आणि ते लवकर थांबलं नाही.

आता शेवटचा वेचा उरला आहे. मग उलंगवाडी, कापसाचा हंगाम संपला. बाया दुसऱ्यांच्या तुरीवर, हरभऱ्यावर जातील, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतील, आणि त्या उपटायला मी एकटी असेन. काकू किती दिवस पुरेल मला? चाचा उत्तराची वाट पाहत असतील. त्यांना बावीस सांगू की बत्तीस? की म्हणू, बाबांसारखं बारा द्या, मी खोपडीच्या दारात खुर्ची टाकून मांडीवर आडवं घेऊन बसते, झाकत नाही? वावर करणाऱ्या बाईला असं बसायला कोण देतं, बाबा? तुम्हाला त्याचा पगार होता.

आणि एक विचारायचं होतं. फाटकावर बसून कधी तुम्हाला वाटलं का, की कोणी तरी यावंच? कारण तो पडला तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्याचं नाही, बरं वाटलं. तो चेहरा पुन्हा पाहावा असं वाटतं. राखणीसाठी हत्यार मागते आहे की त्या चेहऱ्यासाठी, हे माझं मला कळत नाही, म्हणूनच बावीस-बत्तीस ठरत नाही.

हा कागद कुठं टाकायचा नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर माप ठेवलं आहे. काकूला वाटतं ते रात्री वावरात काट्यावरच असतं. बाया गेल्या की मी ते काढते, फडक्यात गुंडाळते आणि डाव्या कुशीला बांधून घरी येते. नुसतं लोखंड आहे, हे आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यालाही. तरी बांधते.