पायलचा मास्क आणि अंकिताची करवली

सोलापूर, बुधवार

ती. सौ. रंभावहिनींना मंदाकिनीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे कागदावरच स्वीकारावा). दादांची साखर आणि नातेपुत्यातलं ऊन, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. पस्तीस वर्षं पोस्टात काढली, म्हणून पत्र. मोबाइलवर लिहिलं असतं तर न वाचताच अंगठा पाठवून तुम्ही मोकळ्या झाला असता.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "पायल लग्नाला आली तर आनंदच हाय की, पर आमच्या अंकिताची करवली दुसरी बघू. पोरगी तोंड बांधून हिंडती, ते उगंच व्हय?" फोन स्पीकरवर होता (मला कमी ऐकू येतं, हे तुम्ही गावभर सांगताच). माझी नात शेजारीच जेवत होती. दोन वर्षं सुया टोचून घेताना न रडलेली नऊ वर्षांची पोर ताटावरून उठली.

काल तिला तपासणीसाठी सात रस्त्याजवळ डॉक्टर प्रियदर्शनींकडे नेलं. प्रश्न थेट विचारावा, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीनं शिकवलेलं, पण माझ्याआधी पायलनंच विचारलं, "मी कऱ्हा घेऊन अंकितामावशीच्या मागं उभी राहिले, तर तिला ल्युकेमिया होईल?" डॉक्टर उठल्या, साबणानं हात धुतले आणि मग तिचे दोन्ही हात हातात घेतले. वहिनी, शिवल्यावर नव्हे, शिवण्याआधी धुतले. म्हणाल्या, हा रक्ताचा कर्करोग. हाडांच्या आतल्या मगजात पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढतात. शिवून, एका ताटात जेवून, श्वासातून तो कुणाला होत नाही. का होतो, तर बहुतेक मुलांमध्ये नेमकं कारण सापडतच नाही. काही जन्मजात दोष, जास्त किरणोत्सर्ग, काही रसायनं यांनी धोका वाढतो, इतकंच. (पायल पोटात असताना तिच्या आईनं ग्रहणात काकडी चिरली होती, हा तुमचा शोध त्यात नव्हता. माझ्या लेकीनं मात्र तेव्हापासून काकडी चिरलेली नाही.) आणि मास्क? उपचार नुकतेच संपलेत, प्रतिकारशक्ती अजून भरून येते आहे, म्हणून गर्दीत तिला आपल्या सर्दी-खोकल्यापासून जपायचं. तिच्यापासून आपल्याला काही नाही, आपल्यापासून तिला आहे. रिपोर्ट चांगला आला. लग्नाला जायची परवानगी आहे. सर्दी, ताप, कांजिण्या असलेल्यांनी तेवढं लांब राहायचं.

तुमच्या मनात वाईट नाही, हे मी जाणते. तिच्यासाठी दोन वर्षं सोमवार धरणाऱ्या तुम्हीच. पण उपास पोटानं करावा, डोक्यानं करू नये.

आपली नणंद,
मंदाकिनी

ता. क. कऱ्हा पायलच्याच हाती द्या. केस दोन बोटं आलेत, त्यात गजरा ठरत नाही, मनगटाला बांधू.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना मला सलग तीन शिंका आल्या. पायलनं आतून कडी लावून घेतली आहे आणि उघडत नाही. तेव्हा ती आईबरोबर गाडीनं येईल, मी मास्क लावून एसटीनं. मांडवात मला शेवटच्या खुर्चीवर बसवा, पेलाही वेगळा ठेवा. आणि ही बाई तोंड बांधून का हिंडती म्हणून कुणी विचारलंच, तर खुशाल सांगा, हिच्यापासून लागतं.