मार्टिनच्या दिवशी फिरलेलं चाक

ड्रमकील, शनिवार

लाडक्या आईस,

सुखरूप पोचले. खोकला आता बरा आहे. बॉस्टनला फार थंडी पडली का? गुडघे शेकतेस ना?

आपल्या पाणचक्कीच्या भिंती आणि दळायचे दोन दगड उरलेत. चाकाच्या जागी काटेरी झुडपं माजलीत.

तिथेच शेजारचे मॅनसकाका भेटले. म्हणाले, "संत मार्टिनच्या दिवशी चाक फिरवू नये, हे तुझ्या बापाला काय ठाऊक नव्हतं? माझ्या घरातलं पीठ संपलं होतं, म्हणून चाकावर पाणी मी सोडलं. तुझा भाऊ कॉन चाकात ओढला गेला. माझी पाच पोरं बघून तुझ्या बापाने दोष स्वतःवर घेतला."

आई, कॉनदादा गेल्यापासून तू बाबांशी एक शब्द बोलली नाहीस. उद्या त्यांच्या कबरीपाशी जातेय. तुझ्याकडून काय सांगू?

तुझीच,
नोरा